सुडोकू ए-थ्रीवर मोठं केलं तरी वाचता येत नाही. नेमकं काय बदलायचं?

पाटीपेन्सिल

सासूबाई, वय ७४. दोन्ही डोळ्यांत कोरडं मॅक्युलर डिजनरेशन, म्हणजे मधली नजर देणारा पडद्याचा भाग (मॅक्युला) झिजलाय. चष्म्यासह बऱ्या डोळ्याची नजर ६/३६, जवळच्या चष्म्यात +२.५० ची भर. पेपरातलं सुडोकू रोजचं. कोडं अवघड असेल तर हरकत नाही, अडतंय ते वाचण्यापाशी.

करून पाहिलेलं: (१) कोडं ए-थ्रीवर मोठं करून आणलं. आकड्यांबरोबर पेपरचा करडेपणा आणि ठिपकेही मोठे झाले, आणि "फारसा फरक नाही" असं त्यांचं म्हणणं. (२) पाचपट भिंग. एक घर लख्ख दिसतं, पण भिंगाखाली पेन जात नाही आणि ओळ हरवते. (३) फोनवरचं अ‍ॅप. घरातले बारीक पर्याय (तिथे बसू शकतील असे आकडे) दिसतच नाहीत.

घरी प्रिंटर आहे, काळा-पांढरा लेझर, ए-फोर. आकडा किती मोठा हवा, रेघा कशा, मराठी आकडे ठेवावेत की इंग्रजी, आणि त्या बारीक पर्यायांचं काय करायचं?

---

चष्मिष्ट

आधी "मोठा" म्हणजे किती, ते मिलिमीटरमध्ये काढू.

तक्त्यावरची ६/६ ची ओळ म्हणजे ६ मीटरवरून अंशाच्या बाराव्या भागाएवढा कोन करणारं अक्षर. तेवढाच कोन ४० सेंमीवर ०.५८ मिमी उंचीचा आकडा करतो. ६/३६ म्हणजे त्याच्या सहापट, साडेतीन मिमी. पण हा उंबरठा झाला: सुटा आकडा, चांगल्या उजेडात, डोळे ताणून कसाबसा ओळखता येईल एवढा. सलग वाचायला उंबरठ्याच्या दुप्पट ते तिप्पट उंची लागते. अडीचपट धरली तर पावणेनऊ, म्हणजे ९ मिमी.

आता पट्टी घेऊन पेपरातला आकडा मोजा. कोड्याची बाजू साडेसहा सेंमीच्या आसपास असेल तर एक घर ७ मिमीचं आणि आकडा साधारण साडेतीनचा. तो नेमका उंबरठ्यावर बसलाय. ए-फोरचं ए-थ्री म्हणजे १४१ टक्के. कागदाचं क्षेत्रफळ दुप्पट होतं म्हणून आपल्याला भरपूर मोठं वाटतं, आकड्याची उंची मात्र दीडपटसुद्धा वाढत नाही. ३.५ चे ४.९ झाले, हवे होते ९. सासूबाई बरोबर सांगताहेत.

इतरांसाठी हाच हिशोब, ४० सेंमीवरून: ६/१८ ला साडेचार मिमी, ६/२४ ला सहा, ६/६० ला साडेचौदा.

"मग कागद जवळ धरा" हा सल्ला अर्धाच खरा. २५ सेंमीवर आणला तर साडेपाच मिमीचा आकडाही पुरतो, पण +२.५० ची भर ४० सेंमीसाठी आहे. या वयात डोळ्याचं भिंग स्वतःहून जुळवून घेत नाही, त्यामुळे जवळ आणलेला कागद मोठा पण धूसर दिसतो. २५ सेंमीला +४.०० लागते. पुढच्या तपासणीत वाचनाचा चष्मा कुठल्या अंतरासाठी हवाय ते सेंटिमीटरमध्ये सांगा, नाहीतर सवयीने ४० चाच मिळतो.

पाचपट भिंगाचं म्हणाल तर त्याची ताकद २० डायॉप्टर, म्हणजे ते कागदापासून जेमतेम ५ सेंमीवर धरावं लागतं. त्यात हात आणि पेन मावणार कुठून? शिवाय सुडोकूत एका घराकडे बघून काही कळत नाही, आडवी-उभी नजर सतत फिरवावी लागते. भिंग पेपरच्या बातमीला ठेवा. कोड्याला कागदच मोठा हवा.

अजून एक. मॅक्युलात बिघाड असला की माणूस मधल्या डागाला वळसा घालून कडेच्या नजरेने वाचतो, आणि कडेच्या नजरेला गर्दी सहन होत नाही. शेजारी रेघ किंवा दुसरा आकडा चिकटला की मोठा आकडासुद्धा त्यात मिसळून जातो. म्हणून घराची बाजू आकड्याच्या उंचीच्या निदान दुप्पट ठेवा. ९ मिमीच्या आकड्याला १८ ते २० मिमीचं घर. घर तेवढंच ठेवून आकडा फुगवला तर कडांना भिडतो, आणि वाचायला उलट वाईट होतो.

---

नऊघरी

+१. २० मिमीची नऊ घरं म्हणजे १८० मिमी, ए-फोरच्या २१० मध्ये आरामात बसतात. ए-थ्रीची गरजच नाही.

पेपर स्कॅन करून मोठा करण्याच्या नादी लागू नका. कोड्यात दिलेले आकडे २५ ते ३० असतात, ते कोऱ्या चौकटीत टाइप करायला दोन-तीन मिनिटं. छपाई कोरीकरकरीत येते आणि करडेपणाचा प्रश्नच मिटतो. स्कॅनमध्ये ३ आणि ८ चे डाग एकसारखे दिसतात, तिथे कोडंच चुकतं.

लिब्रेऑफिस कॅल्क वापरा. रकान्याची रुंदी सरळ सेंटिमीटरमध्ये देता येते. एक्सेलच्या नेहमीच्या दृश्यात रुंदी अक्षरांच्या संख्येत असते आणि चौरस घर काढताना डोकं फिरतं. एक्सेलच हवं असेल तर पेज लेआउट दृश्यात जा, तिथे सेंटिमीटर चालतात.

चौकट पहिल्या रकान्यात सुरू करू नका. बी रकाना, दुसरी ओळ इथून जे रकाना, दहावी ओळ इथपर्यंत घ्या. ए रकाना आणि पहिली ओळ ८ मिमीची ठेवा, ओळींची नावं लिहायला. ही नावं अक्षरांत द्या. ओळींवरही १ ते ९ लिहिलं तर तेच आकडे कोड्यात मिसळतात. उभ्या ओळींना क, ख, ग, आडव्यांना अ, ब, म असं काहीही चालेल, फक्त दिसायला एकमेकांपासून वेगळं. शेजारचा कुणी "ब ओळ, ग घर" असं तोंडी सांगू शकतो, हा त्याचा खरा उपयोग.

मग बी ते जे सगळं निवडून फॉरमॅटमध्ये रोज, हाइट २ सेंमी. कॉलम्स, विड्थ २ सेंमी. आकडा आडवा-उभा मध्यभागी. फॉण्ट ३६ पॉइंट, ठळक. पॉइंटचा हिशोब असा की एक पॉइंट ०.३५ मिमी, पण ३६ पॉइंट ही आकड्याची उंची नसते. एरियलसारख्या फॉण्टमध्ये आकडा त्याच्या सुमारे ७२ टक्के उंच असतो, म्हणजे ९.१ मिमी. हवं तेच. मराठी फॉण्टमध्ये हे प्रमाण फॉण्टगणिक बदलतं, तेव्हा एक पान छापून पट्टीने मोजा आणि पॉइंट वाढवा.

इथे हमखास फसतात ती जागा: आकार ३६ दिला, मराठी आकडा टाइप केला, तो १० पॉइंटचाच आला. लिब्रेऑफिस देवनागरीला वेगळा फॉण्ट आणि वेगळा आकार लावतं. टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या विभागात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटवर खूण करा, मग फॉरमॅट सेल्समध्ये फॉण्टच्या पानावर त्याचा दुसरा रकाना दिसायला लागतो. ३६ तिथे भरा.

समास चारी बाजूंनी १० मिमी. १८० आणि ८ मिळून १८८, छापता येणारी रुंदी १९०. कागदाच्या खाली सात-आठ सेंमी उरतात, तिथे १ ते ९ एका ओळीत छापा. एखादा आकडा नऊ वेळा भरून झाला की खाली त्याच्यावर काट मारायची. मोजत बसायला नको.

रोजच्या कोड्यासाठी पूर्ण शीटची प्रत काढा. फक्त घरं निवडून नव्या शीटमध्ये चिकटवली तर आकडे आणि रेघा येतात, रुंदी-उंची येत नाही.

पेपरात अडकायचं नसेल तर सायमन टॅथम यांचा कोड्यांचा मोफत संच आहे. त्यात सुडोकूचं नाव सोलो. विंडोज आवृत्तीत छापण्याच्या खिडकीत पानावर आडवी किती, उभी किती कोडी हे विचारतात आणि मूळ आकाराच्या किती टक्के तेही. एक बाय एक घ्या, टक्के वाढवत जा. पण रेघांची जाडी आपल्या हातात राहत नाही, म्हणून मी कॅल्कच म्हणेन.

---

मुद्रादोष

रेघा, आकडे आणि शाई यांच्याबद्दल.

मराठी की इंग्रजी याचं उत्तर: ज्या आकड्यांत त्या आयुष्यभर हिशोब लिहीत आल्या ते. पण एकदा ठरलं की घरातलं सगळं त्याच लिपीत. दृष्टी कमी झाली की आकडा बारकाव्याने वाचला जात नाही, बाह्यरेषेवरून ताडला जातो, आणि इथे दोन्ही लिप्या एकमेकींवर कुरघोडी करतात. मराठी एकाची बाह्यरेषा इंग्रजी नऊसारखी. मराठी चार हा इंग्रजी आठ वाटतो, मराठी सात हा इंग्रजी सहा. पेपरात इंग्रजी, आपल्या प्रिंटवर मराठी आणि फोनवर पुन्हा इंग्रजी, असं असेल तर चुका होणारच आणि दोष डोळ्यांवर जाणार.

मराठी आकड्यांत आपसात गल्लत होते ती १ आणि ९, २ आणि ३ यांच्यात, आणि ३ ची आरशातली प्रतिमा असल्यासारखा ६. इंग्रजीत तीन, पाच, सहा, आठ, नऊ अशी मोठीच टोळी आहे. एरियलमध्ये तीनची आणि सहाची टोकं आत इतकी वळतात की पुसट दिसलं की दोन्ही आठ होतात. म्हणून इंग्रजी आकड्यांना व्हर्डाना किंवा टाहोमा घ्या, त्यांची तोंडं उघडी आहेत. अ‍ॅटकिन्सन हायपरलेजिबल हा अमेरिकेतल्या ब्रेल इन्स्टिट्यूटने मंददृष्टीच्या वाचकांसाठीच करवून घेतलेला फॉण्ट मोफत मिळतो, पण त्यात देवनागरी नाही. देवनागरीसाठी मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता घ्या. मोफत आहे, सात वजनांत, म्हणजे जाडीच्या सात पायऱ्यांत आहे. त्यातलं सेमीबोल्ड किंवा बोल्ड वापरा. एक्स्ट्राबोल्ड नको, १ आणि ९ च्या गाठीतली पांढरी जागाच बुजते, आणि आकडा ओळखायला तीच तर लागते.

रेघा: घरांच्या आतल्या पाऊण पॉइंट, तीन बाय तीनच्या ठोकळ्यांच्या तीन पॉइंट, म्हणजे साधारण १ मिमी. सगळ्याच जाड केल्या तर कागदाची जाळी दिसते, आकडे दिसत नाहीत. आतल्या रेघा फिकट करायचा मोह होतो, पण ६/३६ ला त्या नाहीशाच होतात आणि आकडा कुठल्या घरात आहे ते कळत नाही. बारीक पण काळ्या ठेवा. तुटक रेघा मुळीच नकोत.

ठोकळे वेगळे दिसावेत म्हणून एकाआड एक करडे छापण्याची पद्धत आहे. काळ्या-पांढऱ्या लेझरवर ती करू नका. या प्रिंटरकडे करडी शाई नसते, तो काळे ठिपके पसरून करड्याचा आभास करतो. ३६ पॉइंटच्या आकड्याच्या कडेला ते ठिपके लागले की कड विरघळते. त्याऐवजी पांढऱ्या कागदावर छापून मग पिवळ्या हायलायटरने वरचा मधला, डावा, उजवा आणि खालचा मधला असे चार ठोकळे रंगवा. पाच पांढरे, चार पिवळे. पिवळा रंग इतका उजळ असतो की काळ्या आकड्याचा ठसठशीतपणा त्यावर जवळजवळ पांढऱ्याइतकाच राहतो. लेझरची छपाई हायलायटरने पसरत नाही. इंकजेटची पसरते, तिथे आधी रंगवा, मग छापा.

दिलेले आकडे आणि स्वतः भरलेले आकडे वेगळे दिसायला हवेत, आणि तो फरक फक्त रंगावर सोडू नये. काळा आणि गडद निळा यांत त्यांना फरक दिसणार नाही. दिलेला आकडा ठळक आणि त्याच्या खाली छोटी आडवी रेघ, असं छापलं की पुरतं. नऊघरींच्या शीटमध्ये अंडरलाइन लावा.

पेन्सिल बाद. ग्रॅफाइट करडं दिसतं आणि दिव्याखाली चमकतं. एका कोनातून आकडा गायबच होतो. काळा फेल्ट-टिप, टोक १ मिमी किंवा जरा जास्त. जाड मार्कर ७० जीएसएमच्या कागदातून पार जातो आणि पाठीमागून उमटतो, तेव्हा कागद १०० जीएसएमचा, गुळगुळीत पण न चमकणारा. लॅमिनेशन करून पुसत-पुसत वापरायची कल्पना छान वाटते, पण चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडतं. मॅट मिळालं तरच करा.

दिवा: टेबललॅम्प, लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूला, बल्ब डोळ्यांच्या पातळीखाली. कागदापासूनचं अंतर ६० वरून ३० सेंमी केलं की उजेड चौपट होतो. जास्त वॅटचा बल्ब आणण्याआधी दिवा सरकवून पाहा.

---

गवाक्ष

वरचं सगळं मॅक्युलासाठी ठीक. हा धागा वाचून कुणी काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिग्मेंटोसा असलेल्या माणसासाठी असलाच तक्ता छापू नये म्हणून लिहितो.

तिथे मधली नजर बरेचदा चांगली असते, कडेची गेलेली असते. समजा दृष्टिक्षेत्र १० अंशांचं उरलंय. ४० सेंमीवर त्याचा व्यास फक्त ७ सेंमी होतो. १८ सेंमीच्या चौकटीतली साडेतीन घरं एका वेळी दिसणार, बाकी शोधत फिरायचं. त्यापेक्षा पेपरातलं साडेसहा सेंमीचं कोडं बरं, कडेपासून कडेपर्यंत जवळजवळ नजरेत मावतं. तिथे मोठेपणा वाढवू नका, काळं-पांढरं ठसठशीत करा आणि उजेड वाढवा. मोतीबिंदूत तिसरीच गंमत: पांढरा कागदच डोळ्यांवर येतो. काळ्या पुठ्ठ्यात एका ओळीएवढी खाच कापून तो कागदावर ठेवला की बाकीचा पांढरा भाग झाकतो आणि ओळही सापडते. ही खाच सासूबाईंनाही चालेल: २२ मिमी रुंद, १८५ लांब. आडवी ओळ तपासून झाली की पुठ्ठा ९० अंशात फिरवायचा, उभी ओळ.

आता बारीक पर्याय. खरी अडचण इथे आहे आणि इथे फॉण्टचा उपयोग नाही. २० मिमीच्या घरात नऊ पर्याय लिहायचे तर प्रत्येकाला साडेसहा मिमीची जागा, आकडा फार तर ४ मिमीचा. म्हणजे परत उंबरठ्यावर, आणि वर गर्दी. तेव्हा आकडे लिहायचेच नाहीत.

पर्यायाला जागा द्या. प्रत्येक घर मनातल्या मनात तीन बाय तीन समजा, फोनच्या बटणांसारखं: वर १, २, ३, मध्ये ४, ५, ६, खाली ७, ८, ९. पर्याय ४ असेल तर डाव्या कडेला मधोमध एक ठिपका. ९ असेल तर उजव्या खालच्या कोपऱ्यात. ठिपका मार्करचा, २ मिमीचा. तो आहे की नाही एवढंच पाहायचं असतं, ओळखायचं काही नसतं, आणि कुठला आकडा ते जागेवरून कळतं. पर्याय बाद झाला की ठिपक्यावर आडवी काट.

दुसरी शिस्त: कुठल्याही घरात सगळे पर्याय मांडायचे नाहीत. एखाद्या ठोकळ्यात एखादा आकडा फक्त दोनच घरांत बसू शकत असेल तर त्या दोन घरांत ठिपका, एरवी कोरं. थॉमस स्नायडर हे सुडोकूचे जगज्जेते, त्यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते, आणि डोळे धडधाकट असलेले लोकही वेगासाठी तीच वापरतात. पेपरातली बहुतेक कोडी एवढ्यावर सुटतात. घर गजबजत नाही हा आपला फायदा.

ठिपक्यांत होणारी चूक: ५ चा ठिपका घराच्या मध्यभागी येतो आणि नंतर तिथेच खरा आकडा लिहायचा असतो. आकडा त्याच्यावरून खुशाल लिहा. २ आणि ८ चे ठिपके मात्र कडेला टेकवूनच द्या, नाहीतर आकड्याला चिकटून तो भलताच दिसतो.

---

पाटीपेन्सिल

खूप आभार सगळ्यांचे. मुक्ता बोल्डमध्ये छापलं, पट्टीने मोजून पॉइंट वाढवत आकडा ९ मिमीवर आणला. न थांबता वाचता आले. ठिपक्यांची पद्धत त्यांना पहिल्या दिवशी कटकट वाटली, दुसऱ्या कोड्याला हात बसला.

दोन शंका. चौकट १८ सेंमीची हवी, छापून आली १७.४ ची. शीटमध्ये रुंदी बरोबर २ सेंमीच दाखवतंय. आणि एक ओळखीचे आजोबा आहेत, त्यांची नजर ६/६० च्याही खाली, हात थोडा थरथरतो. त्यांना लिहिणंच जमत नाही. त्यांच्यासाठी काही?

---

नऊघरी

१७.४ भागिले १८ म्हणजे ९७ टक्के. हे शीटचं काम नाही, छापताना "फिट टू पेज" लागलंय. पीडीएफ करून छापत असाल तर छपाईच्या खिडकीत "अ‍ॅक्च्युअल साइज" किंवा १०० टक्के निवडा. कॅल्कमधून थेट छापत असाल तर पेज स्टाइलमध्ये शीटच्या पानावर स्केलिंग १०० करा. आणि प्रिंट रेंज ए रकाना, पहिली ओळ ते जे रकाना, दहावी ओळ एवढीच ठरवून द्या. खाली आकड्यांची पट्टी असेल तर ती ओळही आत घ्या, ती बाहेर राहिली तर छापलीच जात नाही.

---

लाकडी सोंगटी

आजोबांसाठी लिहिणं पूर्ण काढून टाका, सोंगट्या करा. सुताराकडे किंवा लेझर कटिंगवाल्याकडे होतं काम.

माप असं: खाचांची चौकट, खाच २६ मिमी चौरस, दोन खाचांमध्ये ४ मिमीची पट्टी. एका घराला ३० मिमी, नऊ घरांना २७०, कडेची पट्टी धरून २७४. चौकटीची जाडी ३ मिमी, खाली सपाट तळ चिकटवायचा. सोंगटी २४ मिमी चौरस, ६ मिमी जाड. म्हणजे ती खाचेत बसून ३ मिमी वर उरते आणि थरथरत्या बोटांना धरता येते. समपातळीत केली तर नखाने उकरावी लागते. चारी बाजूंना १ मिमीची सैल जागा जास्त वाटेल, पण एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला फळा) पावसाळ्यात फुगतं. अर्धा मिमी ठेवलेल्या सोंगट्या जुलैत अडकून बसतात. कापलेल्या कडांना पॉलिश किंवा लाखेचा एक हात द्या, कारण पाणी कडेतूनच शिरतं.

सोंगट्या ८१, प्रत्येक आकड्याच्या ९. दोन्ही बाजूंना तोच आकडा, एकीकडे पांढऱ्यावर काळा, दुसरीकडे पिवळ्यावर काळा आणि खाली जाड रेघ. दिलेले आकडे पांढऱ्या बाजूने मांडायचे, स्वतःचे पिवळ्या. त्यामुळे दोन संच लागत नाहीत. आकड्याची उंची १५ ते १६ मिमी. यापेक्षा मोठा केला तर सोंगटीच्या कडेला भिडतो.

सोंगटी उलटी धरली तर इंग्रजी सहाचा नऊ होतो, आणि मराठी आकडाही ओळखायला वेळ जातो. म्हणून वरचा उजवा कोपरा तिरका छाटा, ५ मिमी. बोटाला लगेच लागतो. पण पाठीमागचं स्टिकर लावताना सगळे इथेच चुकतात: सोंगटी पुस्तकाच्या पानासारखी उलटली की छाटलेला कोपरा डावीकडे जातो. मागच्या बाजूला तो वर डावीकडे ठेवूनच आकडा लावा. एक सोंगटी दोन्ही बाजूंनी पूर्ण करून बघा, मग बाकीच्या ८० ला हात घाला.

ब्रेल येत असेल तर कोपऱ्यात ठिपकेही देता येतात. अंकचिन्ह (पुढे आकडा आहे असं सांगणारी खूण) वगळलं तरी चालतं, इथे अक्षरं नसतातच. पण मग छाटलेला कोपरा अनिवार्य: ब्रेलमधला ५ म्हणजे दोन तिरके ठिपके, ९ म्हणजे तेच दुसऱ्या तिरप्यात. सोंगटी पाव वळण फिरली की ५ चा ९ झाला. ४, ६, ८ यांचंही तेच, तिन्ही तीन ठिपक्यांचे कोन.

उरलेल्या सोंगट्या नऊ कप्प्यांच्या ट्रेमध्ये, डावीकडून क्रमाने. एका डब्यात ओतल्या तर प्रत्येक वेळी शोधत बसायचं.

---

चष्मिष्ट

आजोबांच्या १५ मिमीच्या आकड्याबद्दल: ६/६० ला ४० सेंमीवरून तेवढा पुरतो, त्याखाली नाही. सोंगट्यांचा पाट उतरता ठेवा, २० ते ३० अंश, म्हणजे चेहरा जवळ नेताना वाकावं लागत नाही. अंतर ३० सेंमी झालं की १५ चा आकडा ४० वरच्या २० मिमीसारखा. त्या अंतराचा चष्मा हवा हे वर आलंच आहे. उतार जास्त दिला तर सोंगट्या खाचेत असूनही पाटच घसरतो, खाली रबराची चटई घाला.

सासूबाईंच्या फोनबद्दल राहिलं होतं. साडेसहा इंची फोनची रुंदी ७ सेंमीच्या आत असते, म्हणजे घर साडेसात मिमीचं. पेपरातल्याएवढंच! सेटिंगमध्ये अक्षरं मोठी केली तरी बहुतेक अ‍ॅपांतली चौकट तेवढीच राहते, कारण ती चित्र म्हणून काढलेली असते. दहा इंची टॅबलेटची आखूड बाजू साडेतेरा सेंमी, घर १५ मिमी, आकडा सात-साडेसात. प्रवासात चालेल. टीव्हीला जोडायचा विचार असेल तर अंतर विसरू नका: ४३ इंची टीव्हीवर घर सुमारे ५५ मिमीचं पडतं, पण दीड मीटरवरून बघितलं तर ते ४० सेंमीवरच्या १५ मिमीएवढंच, म्हणजे टॅबलेटच. अ‍ॅप निवडताना निवडलेलं घर कसं दाखवतात ते पाहा. फिकट निळी छटा असेल तर सोडून द्या, जाड काळी कड असेल तर घ्या.

---

पाटीपेन्सिल

टॅबलेटवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे आकडे ठेवावेत का? आणि काकुरोही (ओळींच्या बेरजा दिलेलं आकड्यांचं कोडं) करून देता येईल का, विचारताहेत.

---

मुद्रादोष

पांढरा पडदा डोळ्यांवर येत असेल तर काळी पार्श्वभूमी. पण चष्म्यात सिलिंडरचा नंबर (बुबुळाच्या असमान वक्रतेसाठीचा) असेल तर काळ्यावरचे पांढरे आकडे पसरल्यासारखे दिसतात, मग ठळकऐवजी साधं वजन घ्या. पाच-पाच मिनिटं दोन्ही देऊन बघा आणि चुका मोजा, "कसं वाटतं" विचारू नका.

काकुरो कॅल्कमध्ये जमतं, पण नेहमीचं रूप ठेवू नका. तिथे एका काळ्या घराचे तिरके दोन तुकडे करून दोन बेरजा पांढऱ्यात कोंबतात. तीन पॉइंटची तिरकी रेघ आणि दोन-अंकी दोन संख्या, २० मिमीत होत नाही. बेरीज घराबाहेर काढा: ओळीच्या डावीकडे एक पूर्ण घर आडव्या बेरजेला, वर एक पूर्ण घर उभ्या बेरजेला, दोन्ही पांढरी, आकडा २४ पॉइंट, शेजारी बाण. मध्ये पडणारं काळं घर नुसतं काळं. पान मोठं होतं, म्हणून सहा बाय सहाच्या आतली कोडी घ्या. किलर सुडोकूत (घरांच्या गटांना, म्हणजे पिंजऱ्यांना, बेरीज दिलेलं सुडोकू) बेरजा घराच्या कोपऱ्यात बारीक असतात आणि पिंजऱ्याच्या रेघा तुटक, ते सध्या नकोच.